कांदा, हळद, मोरचूद

खैरनार अण्णा बिघडलेल्या मॉनिटरकडे कधीही समोरून पाहत नसत. मॉनिटर आणि भिंत यांच्यामध्ये जी वीतभर जागा उरलेली असे, तीत ते आपले सडपातळ शरीर तिरके करून घालत, एक हात केबलवर ठेवत आणि तिथून, आपण कोणाला दिसत नाही याची खात्री झाल्यावर, विचारत, "हं, बोला आता. कुठली भाजी?"

ते आमच्या घरी प्रथम आले तेव्हा हा प्रश्न माझ्या पत्नीने, सुनंदाने ऐकला आणि अतिथीधर्माला स्मरून उत्तर दिले, "दोडका आहे. चालत नसेल तर पिठलं टाकते."

मॉनिटरमागून काळजीचा आवाज आला, "दोडका? पडद्यावर? वहिनी, नीट बघा बरं. दोडक्याचा डाग मी आजवर ऐकलेला नाही."

नव्वदचे दशक संपत आले होते. नाशिकला इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत घरोघरी संगणक येऊ लागले होते. त्या काळचे मॉनिटर ट्रंकेएवढे असत, दोन माणसांनी धरून टेबलावर चढवावे लागत, आणि घरात एखादा मोठा पाहुणा उतरावा तसा त्यांचा मान ठेवला जाई. आमच्या मॉनिटरला भरतकामाचा अभ्रा होता. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घातली जाई. आणि त्याच्या डोक्यावर एक गणपती होता. माझ्या मेहुण्याने नवी गाडी घेतली, तेव्हा त्याला भेटीदाखल दोन गणपती मिळाले. एक त्याच्या गाडीत बसला, दुसरा आमच्या संगणकाचे रक्षण करू लागला. तेव्हापासूनच पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तो डाग उमटला होता. आम्हाला मात्र या दोन गोष्टींचा संबंध लावण्याचे धैर्य झाले नव्हते.

"जांभळा डाग आहे, उजवीकडे वर," मी म्हणालो.

"जांभळा-बिंभळा मला सांगू नका. भाजी सांगा."

"वांगं," सुनंदा म्हणाली. तिला आता खेळ कळला होता.

"भरायचं की भरताचं?"

"भरताचं. आणि कडेकडेनं देठासारखं हिरवट."

"शाब्बास! असं बोलायचं. आता सांगा, वर काय ठेवलंय?"

"गणपती."

"देवघरातला की गाडीतला?"

"गाडीतला."

"म्हणजे बुडाला लोहचुंबक. उचला."

सुनंदाचा हात पुढे होईना. "अण्णा, तो विघ्नहर्ता आहे. त्याच्यामुळे विघ्न येईल का?"

"बाप्पाचा काही दोष नाही, वहिनी. दोष आसनाचा आहे. त्यांना दोन हात लांब बसवा. तिथून काय लक्ष राहत नाही होय त्यांचं?"

गणपती फडताळात गेला. अण्णांनी मागूनच मला पुढचे एक बटन दाबायला सांगितले. मॉनिटरच्या पोटातून 'ठण्ण' असा घंटेसारखा आवाज आला, चित्र एकदा थरथरले आणि वांग्याचा मागमूस राहिला नाही. सुनंदाने नकळत हात जोडले. ते गणपतीला होते की अण्णांना, हे मी तिला अजूनही विचारलेले नाही.

"दिखी ऱ्हायनं का?" मागून प्रश्न आला.

अण्णा मूळचे सटाण्याचे. हायस्कुलात भूमिती शिकवण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता आणि एरवी त्यांची भाषा पाठ्यपुस्तकासारखी घडीव असे. हा एकच प्रश्न ते आपल्या अहिराणीत विचारत. नुसत्या 'हो'वर त्यांचे समाधान होत नसे. "हो काय? काय दिसतंय ते सांगा," म्हणत. मग पडद्यावरच्या चित्रातले कुरण कसे दिसते, आकाश कसे दिसते, त्या आकाशाला कुठली भाजी म्हणावी, हे सारे सांगून झाले म्हणजेच ते भिंतीकडून बाहेर येत, अंगावरची धूळ झटकत आणि चहा घेत.

इतर सोसायट्यांना बाग होती, एकीला तर कारंजेही होते. आम्हाला अण्णा होते, आणि आमचे पारडे जड आहे असे आम्हाला मनापासून वाटे. पाथर्डी फाट्यापासून माणसे त्यांना स्कूटरवर घालून घेऊन जात. त्यांची हत्यारे एका जुन्या कंपासपेटीत मावत: एक पेचकस, एक कर्कटक, एक शिसे आतबाहेर सरकणारी, पोकळ टोकाची पेन्सिल आणि खोडरबराचा तुकडा. त्या खोडरबराने ते ग्राफिक्स कार्डाचे सोनेरी दात घासत. "दात स्वच्छ असले की माणूस स्पष्ट बोलतो," असे त्यावर भाष्य करत.

त्यांनी आपली हद्द आखून घेतली होती. दिसण्याची तक्रार असेल तरच ते हात लावत. प्रिंटर छापत नाही? "छापणं हे वेगळं खातं." व्हायरस शिरला? "तो पोटाचा आजार. मी डोळ्यांचा." एकदा तिसऱ्या इमारतीतल्या बागूल बाईंचा संगणक अजिबात दिसेनासा झाला. अण्णा मागे शिरले. "कुठली भाजी?" बाई म्हणाल्या, "भाजी नाही हो, नुसतं काजळ." अण्णांनी विचारले, "आज फडकं कुणी मारलं?" कामवालीने मारले होते, आणि पुसता पुसता पडद्याखालचे उजेडाचे चाक शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते. "बाई, तुमच्याकडे फारच स्वच्छता आहे," एवढेच बोलून अण्णा चहा न घेता परतले. रोग क्षुल्लक असला की त्यांना अपमान वाटे.

चित्राचा आकार हौसेने बदलता बदलता कोणाचा पडदा काळाठिक्कर पडला, की ते संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायला लावत. त्या अवस्थेत पडद्यावर जेमतेम सोळा रंग दिसतात आणि सगळे ओबडधोबड भासते. ते सगळ्यांना खटके; अण्णांना मात्र तेच रूप प्रिय होते. "सोळा पुरेत. बाकीचे रंग म्हणजे चैन." कोणी लाखो रंगांच्या नव्या कार्डाचे कौतुक केले तर ते म्हणत, "लाखो? मोजले का कुणी?"

त्यांचा मुख्य सिद्धान्त तर आमच्या इमारतीत लहानथोरांना पाठ होता. मॉनिटरच्या केबलमधून तीन रंग वेगवेगळे येतात. त्यांतला एक वाटेत अडकला की पांढऱ्याचे भलतेच काही होते. अण्णांनी त्याचे सूत्र बसवले होते: कांदा दिसला तर हिरवा गेला, हळद दिसली तर निळा गेला, आणि मोरचूद दिसले तर लाल गेला. द्राक्षांवर फवारायचे ते निळे-हिरवे मोरचूद. त्या रंगाची भाजी सापडेना म्हणून नाइलाजाने घेतलेले, भाजीबाहेरचे हे एकच नाव. ते उच्चारताना प्रमेयात अपवाद करावा लागल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

मी स्वभावाने भिडस्त आहे. दुसऱ्याचा पाय माझ्या पायावर पडला तरी 'माफ करा' मीच म्हणतो. सोसायटीच्या सभेत मी कधी तोंड उघडल्याचे कोणाला स्मरत नाही. बहुधा म्हणूनच अण्णांना माझी सोबत चालत असावी. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, भाजीबाजार भरतो, तिथे आम्ही बरोबर जात असू. ते प्रत्येक टोमॅटो हातात घेऊन, डोळे मिटल्यासारखे करून, अंगठ्याने दाबून पाहत. त्यांची परीक्षा सहसा चुकत नसे. पण एका बुधवारी कुठल्याशा नव्या वाणाचा माल आला होता. कच्चा काय नि पिका काय, हाताला सारखाच टणक.

"अण्णा, हिरवेच भरून ऱ्हायले तुम्ही सगळे," मखमलाबादकडची भाजीवाली म्हणाली. "लाल हायेत ना इकडं, लय गोड."

अण्णांचा हात थबकला. "माहीत आहे मला," ते ताठ आवाजात म्हणाले. "मला हिरव्याचीच चटणी करायचीय."

आणि त्यांनी ती केली. आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घरी वाटीवाटीने पोचवली. बरीच आंबट होती.

त्या वाटीपुढे बसलो असताना माझ्या मनात काही गोष्टी एकमेकींशेजारी येऊन उभ्या राहिल्या. सोळा रंग. भाज्यांची नावे. मॉनिटरमागची जागा. त्यांचा एक जुना विद्यार्थी माझ्या कचेरीत होता. तो सांगे की सरांनी वर्गात रंगीत खडूला कधी हात लावला नाही, 'भूमितीला नटायची गरज नाही' म्हणत. मला जे उमगले ते मी सुनंदालाही सांगितले नाही. एखाद्याने जपून झाकलेले आपल्याला दिसले तर नजर वळवावी, एवढे मला कळते. पण गप्प राहणे हा माझा गुण नसून सवय आहे, म्हणून त्याचे श्रेय मी घेत नाही.

पुढे सोसायटीच्या कार्यालयासाठी संगणक घ्यायचे ठरले. तो बसवायला दुकानातला तरुण तंत्रज्ञ आला. पंकज त्याचे नाव. सेक्रेटरी गायधनी, बागूल बाई, मी, आणखी चारसहा सभासद पूजेला जमल्यासारखे जमलो. अण्णाही आले, पण दाराशी उभे राहिले. पंकजने संगणक सुरू केला. पडदा उजळला आणि जिथे पांढरे असायला हवे तिथे सगळीकडे गडद गुलाबी पसरले.

"कार्ड गेलंय," पंकज म्हणाला. "मशीन परत न्यावं लागेल."

"आत्ता तर आणलं!" गायधनी म्हणाले. "नारळसुद्धा फुटला नाही अजून."

अण्णा पुढे झाले आणि सवयीने भिंतीकडे वळले. "जरा मागून बघतो."

त्यांचे नाव पंकजने ऐकलेले होते, आणि ते त्याला फारसे रुचलेले नसावे. त्याने खुर्ची आडवी घातली. "मागून काय बघता, काका? चित्र पुढे आहे. या ना समोर. तुम्ही एवढे एक्स्पर्ट, बघून सांगा काय बिघडलंय ते."

"हो, सांगा की अण्णा," गायधनी कौतुकाने म्हणाले. त्यांना वाटले, आता या पोराची जिरणार. "दाखवाच त्याला."

अण्णा समोर आले. त्यांना पडद्यासमोर उभे राहिलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पडद्याचा उजेड त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडून सदराही गुलाबी झाला होता, आणि ते त्यांना कळत नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळे उत्सुकतेने त्यांच्याकडे पाहत होते. चुकीचा एक शब्द निघाला तर काय होईल, ते मला स्वच्छ दिसत होते. हसणे दोन मिनिटांत संपले असते. पण ज्याला रंग कळत नाहीत त्याला पडदा दाखवायला पुन्हा कोण बोलावणार? तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एकट्या माणसाच्या दारावर थाप पडायची ती एवढ्या एका कारणाने पडत होती.

"दिसतंय तर..." अण्णा म्हणाले. "म्हणजे मला तर हे पां..."

"कांदा!"

सगळ्यांनी वळून पाहिले. मीही पाहिले असते, पण ओरडलो मीच होतो.

"कांदा आहे, अण्णा," मी म्हणालो. माझे कान तापले होते. "लाल, नवा. सटाण्याच्या बाजारात येतो तसा. सगळ्या पडद्यावर."

"अहो, त्यांना विचारतोय मी," पंकज म्हणाला.

पण अण्णा केव्हाच भिंतीकडे पोचले होते. मागून त्यांचा जुना, वर्गात घुमणारा आवाज आला, "कांदा म्हणजे हिरवा गेला! कार्ड मेलं असतं तर तिन्ही गेले असते. एकटा हिरवा कसा जाईल? वाट अडलीय त्याची." केबल निघाली. तिच्या तोंडातल्या बारीक पिनांपैकी एक वाकून आडवी झाली होती. अण्णांनी कंपासपेटीतून ती पेन्सिल काढली, शिसे आत सारून तिचे पोकळ टोक पिनेवर चढवले आणि लहान मुलाचा कान धरावा तितक्या हलक्या हाताने पीन सरळ केली. केबल परत बसली.

"दिखी ऱ्हायनं का?"

"मुळा!" बागूल बाई ओरडल्या. "पांढराशुभ्र मुळा!"

टाळ्या पडल्या. पंकजने मोठ्या मनाने ती पेन्सिल मागून घेतली आणि टोक निरखून पाहिले. "काका, भारी आयडिया आहे ही. वापरू का मी?" अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "वापर. पण आधी विचारायचं, कुठली भाजी?" गायधनींनी नारळ अण्णांच्या हातून फोडवला. मी कोपऱ्यात उभा होतो, आणि माझी छाती स्वतःच्या पराक्रमाने फुगावी तशी फुगली होती. माझा त्यात वाटा एका शब्दाचा. पण तेवढा अभिमान मला माझ्या बढतीचाही झालेला नाही.

जिना चढताना अण्णा दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"चटणीपासून."

ते इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. "वाईट झाली होती ना?"

"आंबट होती थोडी," मी म्हणालो. "माफ करा."

मग ते मला वर, आपल्या घरी घेऊन गेले. ते सगळ्यांच्या घरी जात, पण त्यांच्या घरात मी तोवर उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. एक खुर्ची, एक संगणक, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. चहा करता करता, माझ्याकडे पाठ ठेवूनच ते बोलू लागले.

"लग्न झाल्या झाल्या हिनं मला मळ्यातून पिकल्या मिरच्या आणायला सांगितलं. मी हिरव्या आणल्या. आई बोलायला लागली तर ही म्हणे, मीच हिरव्या सांगितल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला मळ्यात नेलं आणि एकेका वाफ्यापुढे उभं केलं. हे लाल, हे हिरवं. म्हटलं, इंदू, मला दोन्ही सारखंच. तर म्हणे, 'ऱ्हाऊ द्या लाल-हिरवं. भाजी तं वळखता ना?'"

साखरेचा डबा उघडल्याचा, मिटल्याचा आवाज आला.

"तेव्हापासून कुठंही गेलो की शेजारी उभी राहून हळूच सांगायची. 'हेडमास्तरांचा सदरा दुधी.' 'समोरची बाई वांगं नेसलीय, काठ हळद.' लग्नाकार्यात आम्हाला असं कुजबुजताना पाहून लोकांना वाटे, काय संसार आहे! आणि आम्ही आपले भाजीबाजार करतोय." त्यांनी चहा गाळला. "ही गेल्यावर मला सगळ्यांना विचारावं लागतं. विचारलं की सांगतात लोक, नाही असं नाही. पण आज तुम्ही न विचारता सांगितलंत."

मी संगणकाकडे पाहिले. पडदा लुकलुकत होता, मधूनच पूर्ण जात होता.

"अण्णा, तुमचाच पडदा नीट नाही की."

"केबल ढिली आहे. स्वतःच्या घरी मागे जायचं तर पुढं बसून सांगणार कोण?"

म्हणून मी मागे गेलो. भिंत आणि मॉनिटर यांच्यामध्ये माझे शरीर त्यांच्याइतके सहज मावेना. धुळीत चाचपडत मला केबलचे टोक सापडले. ते आत दाबून मी दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा पडद्यासमोर बसले होते.

"दिखी ऱ्हायनं का, अण्णा?" मी विचारले. माझी अहिराणी तेवढीच.

"दिखी ऱ्हायनं."

आणि मी पुढे काही विचारण्याच्या आत ते सांगू लागले. आवाज हळू होता, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सांगताना असतो तसा. "आमच्या लग्नातला फोटो आहे. शालू आहे तो अर्धपिकला टोमॅटो. काठ मेथीचा, पण कोवळ्या मेथीचा, जून नव्हे. चोळी वांगं. आणि माझा फेटा... फेटा कांदा. तिनंच निवडला होता. नीट दिसतंय सगळं."

मी मॉनिटरमागून बाहेर आलो, अंगावरची धूळ झटकली आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिले. फोटो काळा-पांढरा होता.